बसण्याचं काम

एकोणिसाव्या वर्षी मी थोर चित्रकार होतो. ही गोष्ट माझ्याखेरीज फारशी कुणाला ठाऊक नव्हती, पण त्याचं मला काही वाटत नसे. थोर माणसांची ओळख लोकांना उशिरा पटते, एवढं मी कुठंतरी वाचलेलं होतं. केस मानेवर रुळतील इतके वाढवले होते, भर उन्हाळ्यातही खांद्याला शबनम पिशवी असे आणि तिच्यातून एक ब्रश बाहेर डोकावत असे. तो मी मुद्दाम बाहेर ठेवायचो. पूर्णेच्या फलाटावर परभणीच्या पॅसेंजरची वाट बघत उभा असलो की ओळखीचे लोक विचारायचे, 'कुणाच्या घराला रंग द्यायला जायलास रे?' मी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं बघायचो. आज तो चेहरा आठवला की मला त्या लोकांचीच कीव येते. रोज सकाळी त्यांना तो बघावा लागत होता.

आमचं घर म्हणजे लोको शेडच्या मागचं दोन खोल्यांचं क्वार्टर. तेव्हा वाफेची इंजिनं होती. शेडात दिवसभर इंजिनं यायची, पाणी प्यायची, उसासे टाकायची आणि निघून जायची. त्यांचा धूर मात्र आमच्याकडे मुक्कामाला असे. वाळत घातलेल्या लुगड्यावर काजळी, पापडावर काजळी, दह्यावरची साय काळ्या ठिपक्यांची. माय ती साय चमच्यानं बाजूला सारायची आणि खालचं दही धपाट्यांबरोबर वाढायची. पाहुणे तोंड वाकडं करत. आम्हाला त्या दह्याचीच सवय होती. शेडाचा भोंगा झाला की माय चुलीवर तवा ठेवायची, आणि पहिली भाकरी टम्म फुगेपर्यंत अण्णा दारात असायचे. अण्णा म्हणजे माझे वडील, ज्ञानोबा. ते शेडात खलाशी होते. इंजिनाखालच्या खड्ड्यात उतरून पेटती राख ओढून काढायची आणि फावड्यानं कोळसा वर भरायचा, हे त्यांचं काम. घरी यायचे तेव्हा डोळे आणि दात तेवढे पांढरे असत. न्हाणीच्या दगडावर बसून अंग घासायला लागले की पहिल्या दोन बादल्यांचं पाणी शाईसारखं वाहत जायचं. मी त्या वेळी आत पुस्तक उघडून बसलेला असायचो. पुस्तकात मानवी शरीराच्या स्नायूंची चित्रं होती आणि मी ती पाठ करत होतो. दाराबाहेर दहा हातांवर ते सगळे स्नायू पाणी ओतून घेत बसलेत, हे मला सुचलं नाही.

परभणीला आमचा चित्रकलेचा वर्ग एका जुन्या कापूस गोदामात भरायचा. आम्ही बारा जण होतो. कादरी सर शिकवायचे. हैदराबादेत शिकून आलेले, उंच, सडपातळ, पांढऱ्या पायजम्यावर कधी रंगाचा डाग नसलेले. मराठी बोलता बोलता ते कधी उर्दूत शिरत हे त्यांचं त्यांनाही कळत नसे. चित्राला लागणारा बारीक कोळसा बाहेरून मागवणं परवडत नसे, म्हणून त्यांनी आम्हाला तो पऱ्हाटीपासून करायला शिकवला होता. कापूस वेचून झालेल्या शेतातल्या काड्या आणायच्या, साल काढायची, डब्यात गच्च भरायच्या, झाकण चिखलानं लिंपायचं आणि डबा चुलीत ठेवायचा. माझा पहिला डबा चुलीतच फुटला आणि कोळसा आमटीत पडला. माय म्हणाली, बाप दिवसभर कोळसा जाळतो आणि पोरगा घरी बसून कोळसा तयार करतो, हे कसलं घर आहे. मला तो विनोद तेव्हा हलका वाटला होता.

आता त्या खोट्याकडे येतो. वर्गात शकुंतला नावाची एक मुलगी होती. परभणीतच राहायची, कोळशात तिचा हात आमच्या सगळ्यांपेक्षा स्वच्छ होता. पहिल्याच आठवड्यात तिनं मला विचारलं की तुझे वडील काय करतात. मी म्हणालो, लोकोमध्ये आहेत. इथपर्यंत सगळं खरं होतं. तिनं विचारलं, 'ड्रायव्हर?' नुसतं 'नाही' म्हणालो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं. मी म्हणालो, 'फोरमन.' एकदा फोरमन म्हटल्यावर त्याला बंगला लागतो. बंगला आला की समोर आंब्याचं झाड, झाडाखाली शिपाई. महिनाभरात मी अण्णांना इतकी बढती दिली की रेल्वेलाही तेवढी जमली नसती. मुंजा नावाचा पाथरीकडचा एक शेतकऱ्याचा मुलगा माझ्या शेजारी बसायचा. तो मातीत काम करायचा आणि फार कमी बोलायचा. तो एकदा म्हणाला, 'एवढा मोठा सायेब, आन् तुला डब्यात रोज धपाटे?' मी म्हणालो, साहेबांना साधं जेवण आवडतं.

परीक्षेत समोर बसवलेल्या माणसावरून चित्र काढायचं असे. त्यासाठी सराव हवा आणि सरावाला माणूस हवा. वर्गात एक म्हातारे रिक्षावाले यायचे. ते दर दहा मिनिटांनी बिडी ओढायला उठत आणि परत येऊन वेगळ्याच बाजूला तोंड करून बसत. माझ्या एका चित्रात त्यांना तीन गुडघे झाले होते. मग त्यांनीही येणं सोडलं. मी घरी रोज जेवताना हे गाऱ्हाणं सांगायचो, जणू माझी थोरवी त्या एका रिक्षावाल्यापायी अडून राहिली होती. एकदा अण्णांनी भाकरी मोडता मोडता विचारलं की त्या माणसाला तिथं करायचं काय असतं. मी म्हणालो, काही नाही, फक्त न हलता बसायचं. ते हसले. 'म्हंजे बसणं हेच काम?' मी हो म्हणालो. त्यांनी आणखी एक भाकरी घेतली आणि विषय संपला, असं मला वाटलं.

पुढच्या बुधवारी वर्गात शिरलो तर खिडकीपाशी लाकडी चौथऱ्याजवळ अण्णा उभे होते. धुतलेलं धोतर, हातात टोपी, अंग इतकं घासलेलं की कातडी लालसर झाली होती. पाळी बदलून घेऊन ते माझ्या आधीच्या, पहाटेच्या गाडीनं आले होते. कादरी सर म्हणाले, 'हे ज्ञानोबा. आजपासून बुधवारी नि शनिवारी येतील.' मग ते माझ्याकडे वळले. 'सुधाकर, हे तुमच्याच गावचे. ओळखतोस?'

शकुंतला माझ्याकडे बघत होती. बाकीचेही बघत असावेत.

'पूर्णा मोठं गाव आहे, सर,' मी म्हणालो.

अण्णांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. रागानं नाही. शेडात नवीन इंजिन आलं की त्याचा नंबर वाचून घेत, तसं बघितलं. मग सदरा काढत सरांना विचारलं, 'कुठं बसू?'

त्या दिवशी मी पेन्सिलनं काढलं. माझी पेन्सिल बारीक आणि हुशार होती. प्रत्येक रेघ जागेवर पडली, आणि कागदावर देवळाबाहेरचा दगडी पहारेकरी उभा राहिला. सरांनी माझ्यामागे थांबून एवढंच विचारलं की याला घाम येतो का. मी थांबून समोर बघितलं. वडलांकडे इतका वेळ मी कधीच बघितलं नव्हतं, आणि बहुतेक मुलं बघत नसावीत. त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली होता. वीस वर्षं फावडं त्या बाजूनं फिरलेलं. पाठीवर भाजल्याच्या छोट्या खुणांची माळ होती. त्या कधी झाल्या, घरी त्यांबद्दल कोण काय बोललं, मला काही आठवेना. मी तेव्हा स्नायू पाठ करत असणार.

मग आठवड्यामागून आठवडे माध्यमं बदलत गेली आणि प्रत्येक माध्यमानं माझी वेगवेगळी फजिती केली. जलरंगात त्यांची कातडी सुरेख उतरली, ओलसर, उजेड पिणारी. पण नखांच्या कडेला आणि मानेच्या वळ्यांमध्ये कोळसा कायमचा मुरलेला होता, तो दाखवायला गेलो की रंगाचा चिखल व्हायचा. माणूस आजारी दिसायचा. पऱ्हाटीच्या कोळशात तो काळेपणा आपसूक आला, कारण वस्तू तीच होती. शिवाय कोळसा भराभर काढावा लागतो, विचार करायला सवड देत नाही, त्यामुळे दोन-चार खऱ्या गोष्टी नकळत कागदावर उतरतात. पण कोळशात त्यांच्या अंगाची ऊब येईना. मुंजा मातीत त्यांचं डोकं आणि खांदे घडवत होता. त्याच्याकडे रंग नव्हता, उजेड नव्हता, पण त्या मातीच्या खांद्यावर खरंच काहीतरी वाहून नेल्याचं ओझं होतं. मला त्याचा हेवा वाटायचा, आणि हेवा वाटला की मी मातीला हस्तकला म्हणायचो. पुढे तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवताना मी मुलांना सांगत आलो की कुठलंही माध्यम सगळं सांगू शकत नाही. हे वाक्य फळ्यावर लिहिताना मी फार गंभीर दिसत असे. ते मला कसं कळलं, हे मात्र मुलांना कधी सांगितलं नाही.

आम्ही दोघं एकाच गाडीनं यायचो-जायचो. मी पुढच्या डब्यात, ते मागच्या. असं करायचं कुणी ठरवलं नव्हतं. दुसऱ्या खेपेलाच अण्णा आपणहून मागे चालत गेले. पिंगळीला गाडी थांबली की ते नळावर पाणी प्यायला उतरत आणि मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून ज्वारीच्या रानाकडे बघत बसे. घरी आल्यावर दोघंही वेगवेगळ्या वेळी दारात शिरायचो. मायला त्यांनी 'पोराला माणूस लागत हुता' एवढंच सांगितलं होतं. नवरा उघड्या अंगानं पोरांपुढं बसतो याचं तिला दोन दिवस हसू आवरत नव्हतं. मग ती सरळ दोन फडक्यांत धपाटे बांधायला लागली, तेच धपाटे, तीच कारळाची चटणी. वर्गात मधल्या सुट्टीत मी भिंतीकडे तोंड करून खायचो. एकदा शकुंतला अण्णांजवळ बसून त्यांच्यातला अर्धा धपाटा खाऊन आली आणि मला म्हणाली की चव अगदी तुझ्या डब्यासारखी आहे. मी म्हणालो, पूर्णेत सगळीकडे असेच करतात. ती माझ्या फडक्याकडे आणि मग अण्णांच्या फडक्याकडे बघून गेली. तिच्या त्या बघण्याकडे मी लक्ष द्यायला हवं होतं.

अखेर मी तैलरंग काढले. हैदराबादच्या मामानं आठ नळ्या भेट दिल्या होत्या आणि मी त्या योग्य विषयासाठी राखून ठेवल्या होत्या. तैलरंगाची गंमत अशी की तो वाळता वाळत नाही. आज काढलेलं शनिवारी बदलता येतं, शनिवारचं बुधवारी. खोटं बोलायला इतकं सोयीचं दुसरं माध्यम नाही. मी पहिल्या दिवशी खांदा जरा वर घेतला, तोल साधावा म्हणून. मग छाती भरली. मग पाठीच्या खुणा सावलीत गेल्या, केसांना भांग आला, आणि नजर कुठंतरी दूर, हुकूम देणाऱ्या माणसासारखी लागली. मी स्वतःवर इतका खूश होतो की मागे उभे असलेले कादरी सर मला दिसलेच नाहीत.

'मियाँ,' ते म्हणाले, 'काम सुंदर आहे. पण हा साहेब कोण? आपल्याकडे तर ज्ञानोबा बसलेत.'

वर्ग हसला. चौथऱ्यावरून अण्णांना माझं चित्र दिसत नव्हतं. ते समोरच्या भिंतीवरच्या ओलीच्या डागाकडे बघत बसले होते. सरांनी त्यांना तोच डाग नेमून दिला होता.

शेवटच्या शनिवारी अण्णांची गाडी चुकली. शेडात काहीतरी अडलं होतं आणि ते पुढच्या गाडीनं येणार होते, हे मला माहीत होतं, पण अर्थातच मी ते वर्गात सांगू शकत नव्हतो. सगळे वाट बघत बसले. मुंजाचं मातीचं डोकं पुरं होत आलं होतं, एक कान राहिला होता. तो पाणी लावलेला हात पुसत माझ्याजवळ आला आणि अगदी सहज म्हणाला, 'सुधाकर, जरा इकडं बस. बाप येईस्तवर तुझ्यावरूनच कान करून घेतो.'

मी म्हणालो, कुणाचा बाप.

'तुझा की,' तो म्हणाला. 'दोघांचा कान एका साच्यातला हाय. खालची पाळी चिकटल्याली, वरची कड दुमडल्याली. मला पयल्याच दिवशी दिसलं.'

मी शकुंतलाकडे बघितलं. ती कोळशाला टोक करत होती. ती म्हणाली, सगळ्यांनाच दिसलं होतं. हनुवटीसुद्धा तीच आहे. बाकीची अकरा माणसं चार महिने दुसरं काय करत होती? माणसाकडे डोळे फाडून बघायला शिकत होती. आणि मी त्यांच्यामध्ये बसून तोच चेहरा घेऊन सांगत होतो की पूर्णा मोठं गाव आहे.

त्याहून वाईट पुढे होतं. मी कादरी सरांकडे गेलो. ते म्हणाले की त्यांना तर पहिल्या सकाळीच कळलं होतं. अण्णांनी आल्या आल्या सांगितलं होतं, मी सुधाकरचा बाप, चालंल का. 'म्हणून तर मी तुला विचारलं, ओळखतोस का,' सर म्हणाले. 'सांगायला मी तुला जागा करून दिली होती, बेटा.' एवढं बोलून ते खिडकीचा पडदा सरळ करायला गेले.

मी मुंजाला कान दिला. चिखलाच्या बोटांनी तो माझा कान चाचपत होता आणि मी मनात भाषण तयार करत होतो. आजही लाज वाटते ती याची, की त्या क्षणीदेखील मी भाषण तयार करत होतो. त्यात 'श्रम' हा शब्द दोनदा होता. अण्णा घाईघाईनं आले, सरांना उशिराबद्दल दोन शब्द बोलले, सदरा काढला आणि चौथऱ्यावर बसून भिंतीवरचा डाग धरला. सगळ्यांनी लगेच काम सुरू केलं, कारण उजेड तासभरच उरला होता. मी उभा राहिलो. भाषणातलं एकही वाक्य आठवेना.

'हे माझे वडील आहेत,' मी म्हणालो. 'खलाशी आहेत.'

कुणी मान वर केली नाही. शकुंतलाचा कोळसा कागदावर खरखरत राहिला. मुंजा कान चिकटवत होता. मी तसाच उभा. मग चौथऱ्यावरून, ओठही फारसे न हलवता, अण्णा बोलले.

'खाली बस. मला मान हलवता येत न्हाई, तुला बघायचं कसं?'

मी बसलो आणि कोळसा घेतला. त्या तासात मी जे काढलं ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात बरं काम होतं. हे मी म्हणतो त्याला फारसा अर्थ नाही, पण सरांनीही ते बराच वेळ हातात धरून ठेवलं होतं. खांदा होता तिथं होता. एक गोष्ट मात्र त्यात नव्हती. त्या दिवशी अण्णा पहिल्यांदा हलले. बाकी सगळं अंग दगडासारखं, पण उजव्या पायाचा अंगठा सारखा चौथऱ्यावर वर-खाली होत होता. थांबवायचा प्रयत्न करायचे आणि तो पुन्हा सुरू व्हायचा. तो कशातही काढता आला नसता, मातीत नाही आणि तेलातही नाही. मी त्या जागी नुसती सावली दिली.

परतताना आम्ही एका डब्यात बसलो. गर्दी होती, म्हणून कोळशाचं चित्र अण्णांनी मांडीवर पालथं धरलं आणि माझं तैलचित्र मी दोन्ही हातांनी उभं धरलं, ओला रंग कुणाला लागू नये म्हणून. ते त्यांच्या अगदी समोर आलं. त्यांनी ते पहिल्यांदाच बघितलं. बराच वेळ बघितलं, पिंगळी गेलं, मिरखेल आलं. मला वाटलं आता ते विचारतील की हा कोण.

'हे लय झ्याक हाय,' ते म्हणाले. 'हेच घरी लाव.'

मी सांगायचा प्रयत्न केला की ते खोटं आहे, कोळशातलं खरं आहे, सरसुद्धा तेच म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले की खरं काय आहे ते रोज न्हाणीत दिसतंच, त्यासाठी चित्र कशाला.

घरी पोचल्यावर कळलं की खरं उरलंच नव्हतं. कोळशाचं चित्र पक्कं करायला फवारा मारावा लागतो, तो मी घाईत मारला नव्हता. गाडीच्या हेलकाव्यांत सगळा कोळसा अण्णांच्या धोतराला पुसला गेला होता. कागदावर एक राखाडी ढग तेवढा होता. मायनं दारातच त्यांच्याकडे वरून खाली बघितलं आणि विचारलं की आज वर्गात गेला होता की शेडात.

तैलचित्र बाहेरच्या खोलीत लागलं. आज ते माझ्याकडे आहे, रंग पिवळटलेत, आणि माझी नात त्याला 'पोलीसवाले पणजोबा' म्हणते. मी तिची समजूत घालत नाही. त्या दिवसांत क्वार्टरमध्ये येणारा प्रत्येक जण विचारायचा की हे कोण साहेब, आणि अण्णा म्हणायचे, 'मीच हाय. पोरानं काढलंय.' मग समोरचा माणूस एकदा चित्राकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघायचा. ते त्यांना ठाऊक असायचं, म्हणून कुणी आलं की अण्णा चित्राखाली सतरंजीवर छाती काढून, नजर दूर लावून बसायचे आणि पाहुणा उठेपर्यंत तसेच राहायचे. चहा त्यांच्यासमोर निवून जायचा. माय आतून बघायची आणि शेवटी तिच्यानं राहवायचं नाही.

'प्या की च्या,' ती म्हणायची. 'इथं कोण चितारायलंय तुमाला?'